मामाचं लाल रीळ : कुणाला ओळखता येईल का?

सावित्रीकाठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय आडवळणाचा आहे, पण इथे गळ टाकणारे आणि जुन्या वस्तू जमवणारे दोघेही आहेत, म्हणून.

माझं आजोळ महाडचं. घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, म्हणजे पुराच्या वाटेवरच. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारी दोघी न विचारता माजघरात शिरल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे भाचे फावडी घेऊन गेलो. पत्र्याची एक ट्रंक होती, तिच्या तळाशी मामाचा जुना बॉयलर सूट आणि त्यात गुंडाळलेला चिखलाचा गोळा. नळाखाली धरला तेव्हा कळलं, मासे पकडायचं रीळ आहे. त्या गडबडीत पिशवीत टाकून पुण्याला आणलं, बाल्कनीतल्या कपाटात ठेवलं आणि विसरलो. परवा कुंड्यांची माती शोधताना पुन्हा हाताला लागलं.

मामा बोटीवर होता, इंजिन रूममध्ये फिटर. आठ-नऊ महिने पत्ता नाही, मग एक दिवस रिक्षातून पोतडी उतरायची. १९७८-७९ च्या सुमारास असंच कुठूनतरी त्याने हे रीळ आणलं. सुट्टीत आम्हाला दासगावच्या खाडीवर घेऊन जायचा. मी सात-आठ वर्षांचा. मला आठवतं ते असं : लालभडक, चकचकीत, तपकिरी चामड्याच्या डबीत ठेवलेलं. मासा ओढायला लागला की कर्रर्र असा आवाज, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवून पळवल्यासारखा.

आता हातात आहे ते मात्र लाल नाही. पिकलेल्या करवंदाचा डाग धुतल्यावर राहतो तसा मळकट रंग. चामड्याची डबी नाही. आवाज नाही, कारण काही फिरतच नाही. पुराच्या पाण्याने रंग उतरला असेल का? आणि हे नक्की कुठलं? फोटो जोडतोय.

मासेखाऊ_देशस्थ

फोटो दिसत नाहीत.

भंडारेकरीण

मलाही नाही दिसत. पण वर्णन वाचूनच मजा आली. येऊ द्या.

पवईचा_बगळा

फोटो नसला तरी चालेल, प्रश्नांची उत्तरं द्या.

दांडीला आडवं बसतं की खाली लटकतं? हँडलच्या मागे चांदणीसारखं पाच टोकांचं चाक आहे का? डाव्या तबकडीवर छोटं सरकतं बटण आहे का? पुढच्या बाजूला दोरा ज्यातून जातो ती कडी डावी-उजवीकडे सरकते का? तबकड्या धातूच्या की बॅकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या? नखाने टिचकी मारा, धातू वाजतो, बॅकेलाइट ठक्क करतं. आणि कुठे काही कोरलेलं आहे का, विशेषतः पायावर? पाय म्हणजे दांडीत बसणारी खालची पट्टी.

सावित्रीकाठ

आडवं बसतं. चांदणी आहे, एक टोक वाकलंय. डावीकडे बटण आहे, सरकत नाही. पुढे कडी आहे, ती एका नक्षीदार दांड्यावर अडकून बसलीय. दांड्यावर एकमेकांना छेदणारे तिरके आटे आहेत. टिचकी मारली, ठक्क. तबकडीवर अक्षरं झिजलीत, पण ‘२०९’ वाचता येतं आणि वर ‘पेन’ असं काहीतरी.

मासेखाऊ_देशस्थ

पेणचं रीळ? पेणला गणपती मिळतात हो. विसर्जनाच्या वेळी कोणाच्या तरी गळाला लागलं असेल. (हलके घ्या.)

पवईचा_बगळा

पेण नव्हे, पेन. अमेरिकेतली फिलाडेल्फियाची कंपनी. ऑटो हेन्झ नावाच्या जर्मनीतून आलेल्या माणसाने १९३२ मध्ये सुरू केली. तुमचं मॉडेल २०९. त्याच्या तबकड्या मुळातच अशा करवंदी-तपकिरी असतात. बॅकेलाइटचा रंग अंगातलाच असतो, वरून फासलेला नसतो, त्यामुळे पुराने काही उतरलेलं नाही. तुमचं रीळ पहिल्या दिवसापासून याच रंगाचं आहे.

ती पुढची कडी सरकत राहते म्हणून दोरा स्पूलवर एकसारखा गुंडाळला जातो. नाहीतर एका बाजूला ढीग होतो आणि पुढच्या फेकीत त्याचं घरटं. तिरक्या आट्यांच्या दांड्यात एक इवलीशी जीभ फिरते, ती कडीला टोकापर्यंत नेते आणि परत आणते. खारी वाळू पहिल्यांदा तिथेच बसते. डावं बटण म्हणजे तुमचा कर्रर्र. ते पुढे केलं की दोरा बाहेर जाताना आतली जीभ दातऱ्यावर वाजते. दांडी कपारीत रोवून माणूस विडी ओढत बसला तरी मासा लागल्याचं कळावं, एवढ्यासाठी.

चामड्याची डबी मात्र जुळत नाही. लाल रंग आणि तपकिरी चामडं म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच रीळ येतं. आधी घरात विचारा.

घड्याळवाला_पेठेतला

बगळेबुवांच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मी सांगतो, कारण तो आमच्या धंद्यातला विषय आहे. आबू अँबॅसडर ५०००, स्वीडनचं.

आमच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. १९८५-८६ च्या आसपास एक गृहस्थ चामड्याची गोल डबी घेऊन आले. आत लाल रंगाचं रीळ. म्हणाले, हे उघडायची कुणाची हिंमत होत नाही, तुम्ही बघा. वडिलांनी आयुष्यात मासा पाहिला तो फक्त कॅलेंडरवर, मत्स्यावताराच्या चित्रात. पण त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण काढलं आणि म्हणाले, “अरे, हे घड्याळजीचंच काम आहे.”

ते अगदी खरं निघालं, मला पुढे वाचनातून कळलं. आबू म्हणजे एबी उरफाब्रिकेन, स्वीडिशमध्ये ‘उर’ म्हणजे घड्याळ, ‘फाब्रिक’ म्हणजे कारखाना. कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉमने १९२१ मध्ये स्वेंग्स्टा गावात काढलेला. आधी खिशातली घड्याळं, मग टॅक्सीचे मीटर. दुसरं महायुद्ध पेटलं आणि मीटरचं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा मुलगा योटे याने तीच यंत्रं, तेच कारागीर मासेमारीच्या रिळांकडे वळवले. लाल ५००० आलं १९५२ मध्ये. आत दोन छोटे ठोकळे असतात, स्पूल जोरात फिरलं की बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात आणि वेग आवरतात. वडिलांनी ते ठोकळे चिमट्यात धरून मला दाखवले होते, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. पैसे किती घेतले आठवत नाही. गृहस्थ खूश होऊन दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात गुंडाळलेला मासा घेऊन आले. आम्ही शाकाहारी. तो शेजारी गेला.

मासेखाऊ_देशस्थ

शेजारी कोण होतं? चौकशी करतोय.

सावित्रीकाठ

बाप रे, इतकी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. मामा २००४ मध्ये गेला. मामी आहे, ८१ वर्षांची, कान थोडे कमी, बाकी खणखणीत. संध्याकाळी फोन करतो.

गिरणगावचा_नातू

तुमच्या मामांची रिळं अमेरिकेची नि स्वीडनची. आमचं रीळ इंडियन मेड, थेट लालबागच्या गिरणीतलं.

आजोबा साचेखात्यात. घरात लाकडी बॉबिनं पडलेली असायची, टाकाऊ, टोकाला पितळी पट्टी असलेली. आम्ही त्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळायचो आणि हाजीअलीच्या खडकांवर जायचो. दांडी नाही, काही नाही. बॉबिन डाव्या हातात, टोक समुद्राकडे करून धरायचं. उजव्या हाताने शिसं गरगरा फिरवून सोडायचं. तंगूस बॉबिनच्या टोकावरून वेटोळी सोडत सर्रकन निघायचा. बॉबिन जागचं हलायचं नाही. ज्यांना बॉबिन मिळायचं नाही ती पोरं डालडाच्या डब्यावर गुंडाळायची. तेही चालायचं, फक्त डबा बुळबुळीत.

पुढे नोकरीला लागल्यावर एका मासिकात वाचलं, की बाजारात जे ‘स्पिनिंग रीळ’ मिळतं, खाली लटकणारं, त्याची कल्पना इंग्लंडातल्या इलिंगवर्थ नावाच्या कापडधंद्यातल्या माणसाची. पेटंट १९०५ चं. म्हणतात, की गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत उलगडताना बघून त्याला ते सुचलं. स्पूल स्थिर, दोरा टोकावरून निघतो, म्हणून गुंता नाही. मी मासिक मिटलं आणि आजोबांना म्हटलं, “बाबा, आपण पेटंट घ्यायला पाहिजे होतं.” ते म्हणाले, “आधी संप मिटू दे.” तेव्हा संप ‘मिटून’ सहा-सात वर्षं झाली होती.

भंडारेकरीण

नातू, शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा.

आमच्या भंडाऱ्याकडे रीळ वगैरे भानगडच नव्हती बापा. मालगुजारी तलाव जागोजागी, कोहळी लोकांनी बांधलेले. बांबूची काठी, काठीएवढाच दोरा, मोरपिसाची नळी तरंगायला. नळी बुडाली की उचल. माझा भाऊ एकदा मरळ धरायला गेला आणि मरळीनं काठीच ओढून नेली. दोन दिवसांनी काठी तलावाच्या पलीकडं सापडली, गळ सरळ झालेला. आई म्हणे, “मासोळीनं वापस केली, तुझ्यापेक्षा इमानदार हाय.”

देवबागकार

आमच्याकडे रीळ खंयचा! हातदोर. बोटांक चिरे पडायचे आणि खाऱ्या पाण्यान झोंबायचे. कर्लीच्या तोंडार तांबोशे गरवूक बसायचो. आजो म्हणायचो, “माशाक काय ठावक तुझी दांडी कितक्याची ती.”

आता मराठीत लिहितो, नाहीतर बगळेबुवा प्रश्नावली पाठवतील. १९९० नंतर गावात परदेशी पाहुणे यायला लागले. एकाने जाताना आजोबांना रीळ दिलं, बाहेर लटकणारं, चांदीच्या रंगाचं. आजोबांनी ते देवघराशेजारी खुंटीला टांगलं. कधी वापरलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणायचे, “तेचा हँडल उलट्या हातार आसा.” म्हणजे डाव्या बाजूला. त्यांना वाटायचं पाहुण्याने बिघडलेलं दिलं.

पवईचा_बगळा

ते बिघडलेलं नव्हतं हो! डाव्या हाताने फिरवायचं, अंड्यासारखं पोट असलेलं असेल तर ते मिचेल. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्लूझ गावी कार्पानो अँड पॉन्स नावाची कंपनी बनवायची. तेही घड्याळांचं खोरं, पेठेतल्या घड्याळवाल्यांनी नोंद घ्यावी. अमेरिकेत ते ‘मिचेल ३००’ म्हणून खपलं. उजव्या हाताचं हवं असेल तर ३०१ घ्यायचं. खुंटीवर अजून आहे का? असेल तर बघा, पुढे दोरा धरणारी तार अर्धीच आहे की पूर्ण वळसा घेते. अर्धी असेल तर बरंच जुनं.

माझं पहिलं रीळ तेच. पवईला वडील मचाणावर बसायचे, कटल्यासाठी. मचाण म्हणजे पाण्यात बांबू रोवून बांधलेली बैठक. पहाटे होडीने सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे, मधे उतरायची सोय नाही. खाली मगरी. डब्यात दोन पोळ्या, भाजी, आणि एका वेगळ्या डब्यात आमिषाचा गोळा : भाजलेली पेंड, सत्तू, मेथीची पूड, थोडा मध. आई म्हणायची, तुमच्या जेवणापेक्षा माशाचं जेवण जास्त निगुतीने होतं. एकदा दुपारी वडिलांचा डोळा लागला आणि मी चुकून आमिषाचा डबा उघडून चतकोर गोळा खाल्ला. चव वाईट नव्हती.

मिचेलचं वैशिष्ट्य म्हणजे स्पूलच्या मध्यावरचं बटण दाबलं की स्पूल टप्पकन हातात. खोक्यात जास्तीचं स्पूल मिळायचं, एकावर जाड तंगूस, एकावर बारीक. दुपारी मासे खात नसले की मी नुसतं ते टप्प टप्प करत बसायचो. वडील ओरडायचे, “मासे पळतील.” मासे मुळात आलेलेच नसायचे.

खरगपूर_रिटर्न

पवईचं आमिष वाचून बंगाल आठवला. बाबा रेल्वेत, त्यामुळे शाळेची सहा वर्षं खरगपूरला. तिथे रिळाला ‘हुइल’ म्हणतात, ‘व्हील’चं बंगाली. तळ्याचा मालक तिकीट काढतो, तिकिटावर जागा ठरलेली, रविवारी पहाटे सगळे बाबूमोशाय छत्री, पान, थर्मास घेऊन हजर. पाण्यात टाकायच्या चाऱ्याला ‘चार’ म्हणतात आणि त्याची कृती बाप मुलालाही सांगत नाही.

आमच्या शेजारच्या दादूंकडे लाकडी हुइल होतं. अक्रोडाचं लाकूड, मागे पितळेची चांदणी ठोकलेली. नॉटिंगहॅम पद्धतीचं. त्यात ब्रेक नाही, ड्रॅग (मासा ओढताना दोरा आवरत सोडणाऱ्या चकत्या) नाही, काही नाही. रोहू पळाला की अंगठा स्पूलच्या कडेला दाबायचा. दादूंच्या अंगठ्याला गुळगुळीत कातडं आलं होतं, त्यावर ठसाच उठायचा नाही. बँकेत पेन्शनच्या वेळी अंगठा घेतला की कारकून वैतागायचा.

आणि दोरा रेशमी असायचा त्यांच्याकडे, नायलॉनवर विश्वास नाही. रेशमी दोरा ओला ठेवला की कुजतो. म्हणून घरी आल्यावर बायकोने चहा द्यायच्या आधी दोरा व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत वाळत घालायचा. त्या दिवशी कपडे वाळत घालायला बंदी.

जुनाबाजार_पंटर

धाग्याला किंमतीचं वळण देतो, माफी असावी. हे २०९ कितीला जाईल?

न्यूजर्सी_वहिनी

उत्तर मी देते, कारण इकडे दर शनिवारी कोणाच्या तरी गॅरेज सेलमध्ये हे करवंदी रीळ असतंच. माझ्या नवऱ्याने दोन घेतलीत, एक पंधरा डॉलरला आणि एक फुकट, कारण विकणाऱ्या आजोबांना आमच्या मुलाने हाय म्हटलं. कंपनीने ती वर्षानुवर्षं खंडीने बनवली. त्यामुळे खजिना वगैरे नाही. चांगली गोष्ट अशी, की सुटे भाग अजून मिळतात आणि प्रत्येक भागाला क्रमांक असतो. कडीतली ती जीभ झिजली असेल तर सांगा, डिसेंबरमध्ये येतेय, पाकिटात घालून आणेन.

जुनाबाजार_पंटर

धन्यवाद वहिनी. मग माझीही एक फजिती सांगतो. मुंबईच्या चोरबाजारातून ‘हार्डी’ म्हणून पितळी रीळ उचललं. हार्डी म्हणजे इंग्लंडातल्या अ‍ॅल्निकची नावाजलेली पेढी, १८७२ ची. विकणारा म्हणाला साहेबाच्या बंगल्यातलं. घरी आणून उजेडात पाहिलं तर सगळे स्क्रू कोरे करकरीत, एकाच्याही खाचेला ओरखडा नाही. हँडलची मूठ झिजलेली नाही. पाय दांडीत बसून घासलेला नाही. म्हणजे शंभर वर्षं साहेबाने नुसतं बघितलं असावं. शोभेची वस्तू म्हणून नवीन बनवलेला माल होता. आता पेपरवेट आहे.

तेव्हापासून नियम : रंग आणि नाव शेवटी बघायचं. आधी मूठ, मग स्क्रूच्या खाचा, मग पाय.

मुठाकाठचा_खवचट

सगळं ठीक, पण मासे कुठे राहिलेत? महसीरची जी जात आपण सह्याद्रीची म्हणून मिरवतो, टोर खुद्री, तिचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज म्हात्रे पुलावरून गळ टाका, चप्पल मिळेल. जोडी हवी तर दोनदा टाका.

पवईचा_बगळा

खवचट असलात तरी बरोबर आहात. लोणावळ्याला वळवणला टाटांनी सत्तरच्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून सोडली, म्हणून ती जात तगली तरी. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरची गोची झाली, हेही खरं. चांगलं काम करतानाही कुठल्या नदीत काय टाकतोय ते बघावं लागतं. आम्ही आता महसीर लागला तर फोटो काढून पाण्यात परत. संरक्षित जंगलातल्या पाण्यात तर गळ टाकायचाच नाही, कायदा आहे. बाकी वादासाठी वेगळा धागा काढा, इथे सावित्रीकाठ यांच्या मामींचा फोन लागायचाय.

सावित्रीकाठ

लागला. जसा झाला तसा लिहितो.

मी : मामी, मामाचं ते लाल रीळ होतं ना, चामड्याच्या डबीतलं?

मामी : कुठली दाबी?

मी : डबी, डबी! मासे पकडायचं लाल चक्र!

मामी : लाल डॉक्टरांचं. तुझ्या मामाचं भुरकं.

मग सगळं बाहेर आलं. गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेले डॉक्टर आणि मामा रविवारी जोडीने खाडीवर जायचे. लाल रीळ डॉक्टरांचं, त्यांच्या भावाने परदेशातून पाठवलेलं. ते कुणाला हात लावू देत नसत. स्वतःसुद्धा रुमालाने पुसून डबीत ठेवत. “तू एकदा त्यांच्या डबीत चिंचोके भरून ठेवलेस,” मामी म्हणाली, “आणि डॉक्टर तुझ्या मामाशी महिनाभर बोलले नाहीत.”

चिंचोके मला अजिबात आठवत नव्हते. मामी बोलायला लागली आणि डबीचं आतलं मखमली अस्तर बोटांना आठवलं, हिरवं. पुढे मामी म्हणाली, “भुरकं मात्र तू दिवसभर फिरवत बसायचास. ओटीवर. दोरा सगळा जास्वंदीला गुंडाळून ठेवायचास आणि परत ओढायचास. आवाजाने माझं डोकं उठायचं.”

म्हणजे ज्याला हात लावायची बंदी होती ते लख्ख लक्षात राहिलं, आणि जे सुट्टीभर मांडीवर होतं त्याचा फक्त आवाज उरला, तोही मी दुसऱ्याच्या नावावर चढवला. धाग्याचं शीर्षक बदलता येतं का, संपादक?

मासेखाऊ_देशस्थ

राहू द्या शीर्षक. डॉक्टरांच्या लाल रिळाचं काय झालं?

सावित्रीकाठ

डॉक्टर १९९४ मध्ये गेले. मुलं ठाण्याला, घर विकलं. मामी म्हणते, “त्यांच्याबरोबर जाळलं असेल, एवढा जीव होता.” तसं नसावं अशी आशा.

आता हे भुरकं उघडायचं कसं ते सांगा. हिरवट कीट बसलाय सगळीकडे. बायको म्हणते चिंच-मीठ लाव.

घड्याळवाला_पेठेतला

चिंच-मीठ तांब्या-कळशीला. इथे पितळेवर क्रोमचा मुलामा आहे, जिथे उडालाय तिथे कळंक आलाय. घासलं की उरलेला मुलामाही जाईल.

आधी दोन दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मीठ आणि गाळ सुटू दे. मग वाळवा. मग स्क्रूंच्या डोक्यांवर थेंब थेंब पातळ तेल सोडा आणि एक रात्र विसरून जा. घाई केली तर बॅकेलाइटला स्क्रूच्या भोकाशी तडा जातो, तो सांधत नाही. पेचकस खाचेत घट्ट बसणाराच घ्या. उघडताना खाली पांढरं पातळ कापड अंथरा आणि जो भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने ओळीत मांडा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा. स्प्रिंग उडते. उडतेच. खोलीची दारं लावून घ्या. धातूचे भाग रॉकेलमध्ये जुन्या दातांच्या ब्रशने. चांदणीखालच्या चकत्या, म्हणजे ड्रॅगच्या, रॉकेलमध्ये घालू नका, त्या नुसत्या पुसा. परत बसवताना ग्रीस थोडं. लोक श्रीखंडासारखं भरतात.

सावित्रीकाठ

(साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतोय. उघडलं. स्प्रिंग उडाली, फ्रिजखाली सापडली. आत सावित्रीचा गाळ होता, चाळणीतून काढल्यासारखा बारीक, राखाडी. तिरक्या आट्यांच्या दांड्यात तो दगड होऊन बसला होता. टाचणीने एकेक खाच मोकळी करायला तीन संध्याकाळी गेल्या. जीभ झिजलेली होती, वहिनींनी आणलेली बसवली. (वहिनी, पाकिटातल्या चॉकलेटांबद्दलही आभार.) डावं बटण सरकवलं, दोरा ओढला आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “काय फाटलं?”

काही फाटलं नव्हतं. कर्रर्र वाजलं.

गेल्या शनिवारी महाडला गेलो. मामीला रीळ दाखवलं. तिने हँडल दोनदा फिरवलं, कानाजवळ धरलं आणि “हेच ते डोकं उठवणारं” म्हणून परत दिलं. दासगावला गेलो. पहिल्याच फेकीत अंगठा उशिरा लागला आणि स्पूलवर सुगरणीचं घरटं. पाऊण तास ते सोडवत बसलो. धक्क्यावर एक पोरगा चड्डीत उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, “काका, हातदोर देऊ का?”

दुसरी फेक पंधरा-वीस हातांवर गेली. दांडी दगडात रोवली, बटण पुढे केलं. वीसेक मिनिटांनी वाजलं.

मासेखाऊ_देशस्थ

जिताडा???

सावित्रीकाठ

शिंगाळा. वीतभर. वर आल्यावर काटा टोचून गेला, अंगठा अजून ठणकतोय.

देवबागकार

शिंगाळो काढताना फडक्यान धरूचो असता. पुढच्या खेपेक आमच्याकडे येवा. आजोबांचं अंडं खुंटीवर अजून आसा, तार पूर्ण वळसा घेता. हँडल डाव्या हातारच आसा, अजून.

मासेखाऊ_देशस्थ

शिंगाळ्याचं काय केलंत? कोकम घातलं की चिंच?

सावित्रीकाठ

मामीने कोकम घातलं. फोटो जोडतोय.

मासेखाऊ_देशस्थ

दिसत नाही.